भिंतीपासून पाण्यापर्यंत

अमोलिक मास्तरांनी बोरतळ्याला बिऱ्हाड केलं ते शांततेसाठी. ही गोष्ट त्यांनी नगरात इतक्या लोकांना आणि इतक्या वेळा सांगितली होती, की पुढे शांतता नाही मिळाली तरी परत फिरायला तोंड उरलं नव्हतं.

तसं पाहिलं तर खरं कारण निम्मंच शांततेचं होतं. लढाई चालू होती, नगरात पलटणी येऊन पडल्या होत्या आणि शहरातल्या घरमालकांना अचानक शोध लागला होता की आपल्या घरांना हवा फार चांगली आहे. मास्तर मिशनच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले, शाळेच्या आवारातली खोली सुटली आणि त्यांना परवडेल असं घर शहरात उरलं नाही. मेव्हणे पीटर यांनी आपल्या वाड्यातल्या दोन खोल्या देऊ केल्या. पण बहिणीच्या नवऱ्याने मेव्हण्याच्या दारात राहावं, त्याच्या विहिरीचं पाणी प्यावं आणि रोज संध्याकाळी त्याची लढाईवरची मतं ऐकावीत, हे अमोलिकांना जमणारं नव्हतं. त्यातून त्यांना एक ग्रंथ लिहायचा होता. विषय होता मौन. तीस वर्षं शाळेच्या घंटेखाली काढलेल्या माणसाला दुसरा विषय सुचलाही नसता.

बोरतळं शहराच्या वेशीपासून टांग्याने तासाभरावर. दुष्काळी कामात बांधलेला जुना तलाव, त्याच्या काठी गाव, आणि गावापासून जरा फटकून, पाण्याकडे तोंड केलेलं राहीबाईचं घर. राहीबाईचा नवरा बांधाच्या कामावर मुकादम होता. त्याने हौसेने घर बांधलं आणि हौस फिटायच्या आत तो गेला. राहीबाईला माणसांत राहायची सवय. तिने गावातल्या खोलीत मुक्काम हलवला आणि हे घर भाड्याने द्यायला काढलं.

मास्तर घर पाहायला गेले ते श्रावणात. तळं काठोकाठ भरलेलं. ओसरीसमोर चार हात अंगण आणि पुढे नुसतं पाणीच पाणी. एक बगळा एका पायावर उभा होता आणि तोही बोलत नव्हता. मास्तरांचे डोळे भरून आले.

"इथं कोणाचा त्रास नाही ना?" त्यांनी विचारलं.

"तरास कुनाचा हुनार?" राहीबाई म्हणाली. "भिताडापासनं पान्यापातूर समदं तुमचं. कुनी पाय ठिवनार न्हाई."

हे वाक्य मास्तरांनी शुभवर्तमानासारखं मनात जपून ठेवलं. खेड्यातली माणसं खोटं बोलत नाहीत, असं त्यांनी मुलांना वर्षानुवर्षं शिकवलं होतं. राहीबाई खोटं बोललीही नव्हती. श्रावणात ते खरंच होतं.

मास्तरांच्या पत्नी हन्नाबाई मात्र घर बघून काहीच बोलल्या नाहीत. त्या तशाही फार बोलत नसत आणि बोलल्या तर हळू. नगरला शाळेत मास्तरांची खोली वर्गाला लागून होती, मधे एक भिंत. तेव्हा घरात एकच नियम असे: वर्ग चालू आहेत. भांडं आपटायचं नाही, हाक मारायची नाही, हसायचं असेल तर पदर तोंडात धरायचा. तीस वर्षं हा नियम पाळल्यावर हन्नाबाईंचा आवाज इतका बारीक झाला होता, की मिशनच्या देवळात गीत चालू असताना शेजारच्या बाईला त्या गातात की नुसते ओठ हलवतात ते समजत नसे. त्याच आवाजात त्या टांग्यात म्हणाल्या, "ईस्टरपर्यंत राहून बघते. नाही करमलं तर मी पीटरकडे जाईन. तुम्ही खुशाल ग्रंथ लिहा."

 हन्ना ज्या गोष्टी हळू सांगते त्या ती करते, हे मास्तरांना ठाऊक होतं. मूलबाळ नव्हतं, दोघांना दोघंच. ग्रंथ एकट्याने लिहिता येतो, पण लिहून झाल्यावर 'चहा ठेवतेस का' असं म्हणायला समोर कोणीतरी लागतं. तेव्हा त्यांनी मनाशी ठरवलं, की हन्नाला इथं इतकी शांतता द्यायची, की तिला पीटरच्या वाड्याची आठवणसुद्धा होता कामा नये.

आणि पहिले महिने शांतता मिळाली, यात वाद नाही. मास्तर खिडकीशी टेबल लावून बसत. हन्नाबाई दोन माणसांची भांडी घासत, ती कोरडी करून पुन्हा पुसत, मग किराणा बांधून आलेला वर्तमानपत्राचा कागद वाचत. तो संपला की उलटून वाचत. मग पाण्याकडे बघत बसत. मास्तरांना त्यांच्या चेहऱ्यावर गाढ समाधान दिसे. त्यांनी ग्रंथात तसा एक परिच्छेदही लिहिला.

दिवाळी झाली आणि तळं मागे सरकू लागलं.

आधी वीतभर ओली माती उघडी पडली. मग हातभर. मास्तरांना वाटलं, चष्मा बदलायला हवा. पण बगळाही पुढे जाऊन उभा राहिलेला दिसला तेव्हा त्यांची खात्री पटली. आणि एका सकाळी ते मौनाच्या दुसऱ्या प्रकरणात शिरत असताना त्यांच्या खोलीत एक माणूस शिरला, 'रामराम' म्हणून सरळ टेबलाशी आला आणि खिडकीच्या गजाला डोळा लावून उभा राहिला.

"कोण पाहिजे?" मास्तर दचकून म्हणाले.

"म्या पुंजाराम. बसा, बसा तुमी. शीव बघतूय."

आता ही गाळपेराची रीत मास्तरांना कोणी सांगितली नव्हती. तळं आटत जातं तसा मागे काळाभोर गाळ उरतो, आणि त्या ओल्या गाळात गाव बी टोकतं. प्रत्येक घराची पट्टी ठरलेली. पाणी मागे जाईल तशी पट्टी त्याच्या मागे लांबत जायची. पण बांध घालावा तर पुढच्या पावसात तो पाण्याखाली. म्हणून गावाने खुणा ठेवल्या होत्या त्या न बुडणाऱ्या. तळ्याच्या मध्यभागी एक खडक होता आणि काठावर एकच पक्कं घर होतं. खिडकीच्या गजांतून त्या खडकाकडे बघायचं. मधल्या गजाची रेघ ही पुंजारामची शीव, डावीकडच्या गजाची सहादेवची. राहीबाईच्या नवऱ्याने घर बांधलं तेव्हापासून अर्ध्या गावाच्या शिवा त्या खिडकीत उभ्या होत्या.

"मधल्या गजातनं बघायचं," पुंजारामने मास्तरांना समजावून सांगितलं. "पर दोन डोळं उघडून न्हाई. तुमी बी बघा की. शिकल्याली मानसं, चष्मा बी हाय. तुमच्या नजरंत फरक पडायचा न्हाई."

मास्तरांनी बघितलं. बघितलं म्हणजे साक्षीदार झाले. दुसऱ्या दिवशी सहादेव आला. त्याचं म्हणणं, पुंजारामने वाकून बघितलं. तिसऱ्या दिवशी दोघं आले, आणि बरोबर प्रत्येकाची बाजू घ्यायला माणसं आली. टेबल भिंतीकडे सरकवण्यात आलं. दौत सांडली. मौनाच्या दुसऱ्या प्रकरणावर सहादेवच्या चुलत्याचा गाळाने भरलेला पाय उमटला, तो अगदी स्पष्ट, पाची बोटांसह. जाताना तोच चुलता म्हणाला, "मास्तर, हितं टेबल लावू नगा. उजेड अडतो."

मास्तर राहीबाईकडे गेले. अपमान गिळून, शक्य तितक्या सौम्यपणे त्यांनी तिला तिचेच शब्द ऐकवले.

"म्हन्ले हुते की," राहीबाई जराही न गांगरता म्हणाली. "पान्यापातूर तुमचं. आता पानी मागं गेलं त्याला म्या काय करू? तुमी बी जावा मागं मागं."

मास्तरांनी यावर विचार केला. या न्यायाने आता खडकापर्यंतचं सगळं रानच त्यांचं होत होतं. ते हे कोणाजवळ तरी बोलून गेले असावेत. कारण त्यानंतर गाव त्यांना हसलं नाही, उलट फार गंभीरपणे वागू लागलं. बकरी कुठं बांधू, खोपीला मेढी कुठं रोवू, हे विचारायला लोक त्यांच्याकडे येऊ लागले. "तुमचंच रान हाय म्हनत्यात," असं म्हणून ते उत्तर ऐकायच्या आत बकरी ओसरीच्या खांबाला बांधून टाकत.

एवढं असूनही मास्तरांनी सोसलं असतं. पण माघात गाळातला शाळू निसवला, कणसांत दुधाचा दाणा भरला आणि पाखरं उतरली.

ज्याने ज्वारी राखली नाही त्याला हा प्रकार सांगून कळायचा नाही. चिमण्यांचे थवे, राघूंचे थवे, आणि त्यांना हाकायला पट्टीपट्टीत मचाण. मचाणावर बाई, हातात गोफण, कमरेला पदर, शेजारी फुटका डबा. उजाडायच्या आधी सुरू व्हायचं. एकीने "हुर्र्र होऽऽ" म्हटलं की दुसरीने ते उचलायचं, मग तिसरीने, आणि ते तळ्याच्या कोरड्या वाटीत घुमत घुमत थेट मास्तरांच्या उशाशी यायचं.

त्यांतही एक आवाज वेगळा होता. तो अगदी समोरच्या मचाणावरून यायचा आणि पत्र्यावर खिळा ओढावा तसा कानात शिरायचा. त्या बाईला नुसतं हुर्र म्हणून समाधान नसे. ती पाखरांशी भांडे, त्यांच्या आईबापांचा उद्धार करी, आणि मधेच मोकळं, गदगदून हसे. मास्तर डोक्यावर उशी दाबून पडत आणि मनात म्हणत, ही कोण जन्माची गप्प बसलेली आज सुटली आहे!

हन्नाबाई त्या वेळी घरात नसत. त्या हल्ली उजाडताना उठून बाहेर प्रार्थनेला जात. याचं मास्तरांना कौतुक वाटे. एवढ्या गोंगाटात जिचं चित्त प्रार्थनेत रमतं ती बाई धन्य. काळजी एकाच गोष्टीची होती. हन्नाबाईंचा घसा बसू लागला होता. मास्तर रोज स्वतः ज्येष्ठमधाचा काढा करून देत. तळ्याची हवा हिला मानवत नाही, असं म्हणून पीटर तिला घेऊन जाणार, हे चित्र त्यांच्या डोळ्यांसमोरून हलत नसे. ईस्टर जवळ येत चालला होता.

उपाय विचारला नाही तरी गावात मिळतोच. कानात कापूस घाला, असं सहादेव म्हणाला. मास्तरांनी घातला, तेव्हा पुंजारामची बकरी दुसऱ्या प्रकरणाची उरलेली पानं खात होती, ते त्यांना ऐकू आलं नाही. मग पुंजाराम ओशाळून म्हणाला, "त्यापरीस बुजगावनं उभं करू. पाखरं भ्याली म्हंजी बाया वरडायच्या न्हाईत. पर तुमचा योक जुना कोट लागंल. काळा. आमच्यात कुनाकडं कोट न्हाई."

मास्तरांनी आपला हेडमास्तरकीचा काळा कोट काढून दिला. देताना त्यांना गलबलून आलं. त्या कोटात त्यांनी इन्स्पेक्टरांचं स्वागत केलं होतं. पुंजारामने तो काठ्यांवर चढवला, वर मडकं ठेवलं, आणि मडक्याला, कोणी सांगितलं नसताना, चुन्याने चष्मा काढला.

पाखरं अजिबात भ्याली नाहीत. दुसऱ्या दिवशी एक साळुंकी कोटाच्या वरच्या खिशात चोच घालून काहीतरी शोधत होती. पण गावाला ते बुजगावणं फार आवडलं. माणसं बांधावरून जाताना त्याला रामराम घालू लागली. नगरहून पाळकसाहेब भेटायला आले, तेही लांबून त्यालाच टोपी काढून, उत्तर येत नाही म्हणून थोडे रागावून ओसरीवर आले. आणि समोरच्या मचाणावरची ती बाई तर रोज सकाळी बुजगावण्यालाच पहिली हाक देऊ लागली: "अहो मास्तऽऽर! उठा! उजाडलं! झोपा काय काढताय?"

खोलीतले मास्तर ताडकन उठून बसत. पाखरांवर ओरडणं वेगळं आणि निवृत्त हेडमास्तरांवर ओरडणं वेगळं. त्यांनी त्याच दिवशी अर्ज लिहिला.

अर्ज घेऊन ते तलाठी राधाकृष्ण यांच्याकडे गेले. राधाकृष्ण पान लावत होते. ते म्हणाले, तळं आमचं नव्हे, पाण्याचा कारभार पाटाच्या कचेरीकडे. पाटाच्या कचेरीत सांगण्यात आलं, पाणी आहे तोवर आमचं, जमीन उघडी पडली की महसुलाची. मास्तर म्हणाले, जमीन उघडी आहे पण ओली आहे. त्यावर तिथल्या कारकुनाने त्यांच्याकडे आदराने पाहिलं आणि म्हणाला, हा मुद्दा यापूर्वी कोणी काढला नव्हता, वर विचारावं लागेल. वर विचारलं, तेव्हा वरच्यांनी खाली विचारलं. अर्ज फिरून राधाकृष्णांकडे आला आणि पानाच्या तबकाखाली विसावला. मास्तर चिकाटीचे. त्यांनी अर्जाला पुरवणी जोडली आणि तीत लिहिलं, की 'विशेषेकरून समोरील मचाणावरील एक स्त्री अत्यंत कर्कश, बेलगाम व स्त्रीजातीस न शोभणाऱ्या आवाजात ओरडते, सबब तिजला समज देण्यात यावी.' या वाक्यावर मात्र राधाकृष्णांच्या वरच्या सर्कल साहेबांची नजर ठरली. त्यांनी कळवलं, ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारानंतरच्या सोमवारी, भल्या सकाळी, समक्ष येऊन ऐकतो.

रविवारी संध्याकाळी मास्तरांनी ही बातमी हन्नाबाईंना दिली. इतके दिवस ती त्यांनी दाबून ठेवली होती, ईस्टरची भेट म्हणून.

"उद्यापासून हा कलकलाट बंद," ते म्हणाले. "साहेब मचाणं उतरवतीलच. आणि ती एक बाई आहे ना, तिला तर चांगली समज मिळेल."

हन्नाबाई जात्यावरचं पीठ भरत होत्या. 

"कोण बाई?" त्यांनी बसल्या आवाजात विचारलं.

"ती समोरची. माणसाचा आवाज आहे का तो! तुझ्यासाठीच केलं हे सगळं, हन्ना. तुला इथं निवांत वाटावं म्हणून."

 हन्नाबाई "बरं," एवढंच म्हणाल्या, उठल्या, पुंजारामच्या बायकोकडे, लंकाबाईकडे, जाऊन आल्या, आणि आल्यावर त्यांनी माळ्यावरची ट्रंक खाली ओढली. मास्तर बघत होते. ट्रंकेत साड्या गेल्या, गीतांचं पुस्तक गेलं. मास्तरांना विचारायचा धीर झाला नाही. एक दिवस उशीर झाला, एवढंच त्यांच्या मनात येत राहिलं. हा अर्ज महिनाभर आधी हलला असता तर ती राहिली असती.

सोमवारी झुंजूमुंजू होताच सर्कल साहेब तट्टावरून आले. मागे सायकल ढकलत राधाकृष्ण. मास्तर ओसरीवर स्वच्छ धोतर नेसून उभे होते. हन्नाबाई नेहमीप्रमाणे घरात नव्हत्या. साहेबांनी घड्याळ काढलं, कान दिला आणि ऐकू लागले.

कुठे काही नव्हतं. मचाणांवर बाया बसलेल्या दिसत होत्या, पण एकीच्या तोंडून चकार शब्द नाही. मास्तरांना बोरतळ्यात इतकी शांतता श्रावणातही मिळाली नव्हती.

"कुठे आहे गोंगाट?" साहेबांनी विचारलं.

"येईल, साहेब. आता येईल."

आल्या त्या चिमण्या. आधी एक थवा, मग दुसरा, मग राघू. लंकाबाईच्या पट्टीवर ते असे उतरले की कणसं वाकली. बाया बघत होत्या, हातांत गोफणी होत्या आणि कोणी हलत नव्हतं. दाणा टिपल्याचा बारीक करकर आवाज ओसरीपर्यंत येत होता. लंकाबाईने पदर तोंडाला लावला. वर्षाची भाकरी डोळ्यांदेखत चालली होती.  अर्जात आपण पाखरांचा उल्लेखच केला नव्हता, हे मास्तरांच्या आता लक्षात आलं.

आणि तेवढ्यात समोरच्या मचाणावर कोणीतरी ताडकन उभं राहिलं.

"हुर्र्र्र होऽऽऽ! मेल्यांनो! लाज नाही वाटत? हुर्र्र्र! अहो मास्तऽऽर, उठा की! सगळं खाऊन चालले!"

गोफण फिरली, दगड सणाणला आणि सगळं रान पाखरांसकट वर उठलं. साहेबांचं तट्टू दोन पावलं मागे सरलं.

"हीच का ती?" साहेब म्हणाले.

मास्तरांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. सूर्य समोरून वर येत होता. मचाणावर, पदर कमरेला खोचून, केस सुटलेले, छाती धपापत उभी होती ती हन्ना. त्यांची हन्ना. गोफण अजून हातात हलत होती. तिने ओसरीकडे पाहिलं, आणि तिचं तोंड हळूहळू मिटलं. तीस वर्षांत त्यांनी हन्नाचा मोठा आवाज ऐकला नव्हता. मग आता ओळखणार कसा?

"हीच का?" साहेबांनी पुन्हा विचारलं. "नाव काय तिचं? समज द्यायची म्हणजे नाव लागेल."

लंकाबाई आपल्या मचाणावरून खाली उतरली होती. "म्या वरडले साहेब," ती म्हणाली. "माजंच रान हाय."

"न्हाई, म्या," पलीकडून सहादेवची बायको म्हणाली.

राहीबाईही कुठून तरी उगवली होती. "घर माजं हाय. वरडनारी मीच आसन."

साहेब चिडले. "सरकारी काम आहे हे! अर्जदार, तुम्ही सांगा. कोण ओरडतं?"

 मास्तर ओसरीच्या पायऱ्या उतरले, ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "मी, साहेब."

"तुम्ही?"

"होय."

"तुम्ही तुमच्याविरुद्ध अर्ज केलात? आणि त्यात स्त्री म्हणून लिहिलंत?"

"आता वय झालं, साहेब," मास्तर अत्यंत गंभीरपणे म्हणाले. "आवाजाचा भरवसा राहिलेला नाही."

राधाकृष्ण तलाठ्यांनी रुमालात तोंड घातलं. साहेबांनी मात्र मास्तरांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ठीक आहे," ते म्हणाले. "ओरडून दाखवा."

मास्तर गाळात उतरले. वहाणा रुतल्या, त्या त्यांनी तिथेच सोडल्या. पाखरांचा थवा परत फिरून कणसांवर बसत होता. मास्तर बुजगावण्याशेजारी जाऊन उभे राहिले. एकाच्या अंगात कोट होता, दुसऱ्याच्या नव्हता, बाकी फारसा फरक नव्हता. सगळं गाव बघत होतं. मास्तरांनी श्वास घेतला आणि आयुष्यात त्यांना जी एकच आरोळी येत होती ती दिली.

"शांत बसाऽऽ!"

पाखरं शांत बसली, आणि दाणे टिपत राहिली.

गाव हसलं नाही. गावाच्या बाजूने तो फार मोठा शिष्टाचार होता.  मास्तरांनी वर मचाणाकडे बघितलं. हन्नाबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि त्याच वेळी त्या हसतही होत्या, पदर तोंडात न धरता.

"अहो, तसं नाही," त्यांनी वरून सांगितलं. "पोटातून काढा. हुर्र म्हणा."

मास्तरांनी पोटातून काढलं. काय निघालं ते त्यांनाही नीट कळलं नाही. त्यात हुर्र होतं, थोडं गीत होतं, आणि बरीच वर्षं आत राहून गेलेलं काहीतरी होतं. पण पाखरं उठली. बुजगावण्याच्या खांद्यावरची साळुंकीसुद्धा उठली.

साहेबांनी अर्जावर 'तथ्य आढळत नाही' असं लिहिलं आणि तट्टू वळवलं. लंकाबाईने त्यांच्याबरोबर हुरडा बांधून दिला.

सगळे पांगल्यावर मास्तर मचाणाखाली उभे राहिले. वर चढायचं कसं ते त्यांना माहीत नव्हतं. ते खालूनच म्हणाले, "मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही लिहीत होतात." हन्नाबाईंनी सुटलेले केस बांधले. "सुरुवातीला तर वाटायचं, इथल्या त्या शांततेने मी मरून जाईन. मग लंकाबाई म्हणाली, वर चढा, पाखरं राखा. पहिल्या दिवशी तोंडातून आवाजच निघेना. मागे वळून घराकडे बघायचे, वर्ग चालू आहेत की काय म्हणून."

"वर्ग कधीच संपले, हन्ना."

"शाळा सुटली हे मला कुणी सांगितलंच नाही हो," हन्नाबाई म्हणाल्या.

 मास्तरांचा मौनावर इतका अभ्यास होता, पण तो उपयोगी पडला नाही. ते तसेच वळले, घरात गेले आणि ट्रंकेतल्या साड्या एकेक करून परत खुंटीवर टाकू लागले. घड्या त्यांना नीट जमल्या नाहीत.

ईस्टरला ठरल्याप्रमाणे पीटर टांगा घेऊन बहिणीला न्यायला आले. खालच्या पट्ट्यांतला उशिरा टोकलेला शाळू अजून उभा होता. घर उघडं, आत कोणी नाही. खिडकीशी सहादेवचा चुलता तेवढा गजाला डोळा लावून उभा होता. पीटर रानाकडे आले. काळा कोट दिसला म्हणून त्यांनी लांबूनच "हॅपी ईस्टर, भावजी!" अशी हाक दिली, आणि ओ आली ती मचाणावरून. मास्तर वर बसले होते, डोक्याला फडकं, मांडीवर फुटका डबा. तेवढ्यात पलीकडच्या मचाणावरून असा काही आवाज सुटला, की टांग्याचं घोडं बिचकलं आणि पीटरनी कानांवर हात ठेवले.

"बाप रे!" ते म्हणाले. "कोण हो ही बाई?"

मास्तरांनी डबा बाजूला ठेवला आणि उठून उभे राहिले.

"ही आमची मंडळी," ते म्हणाले, आणि पार खडकापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले.